एक चाळीसचा आकडा

शनिवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी जीलू-बुलाकच्या निरीक्षण चौकीतला कॉम्प्युटर बंद पडला. बंद पडण्याआधी त्याच्या पडद्यावर तेके-कोल तळ्याच्या पाण्याची पातळी उमटली होती: नऊ मीटर सात सेंटिमीटर. त्याआधीचा आकडा, दहा मिनिटांपूर्वीचा, अकरा मीटर बत्तीस होता.

पडद्यासमोर एल्झादा होती. तिने दोन्ही आकडे वाचले, मग पडदा काळा झाला आणि त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं. ती ओरडली नाही. उठून मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली.

तेके-कोल हिमनदीच्या तोंडाशी आहे. वितळलेलं पाणी तिथे दगडमातीच्या ढिगाने अडून राहतं. तो ढीग कुणी बांधलेला नाही आणि कुणी डागडुजी करण्यासारखाही नाही. दहा मिनिटांत सव्वादोन मीटर पाणी उतरलं याचा अर्थ ढीग फुटला. तसं असेल तर पाणी, चिखल आणि घराएवढे दगड दोन तासांच्या आत गावात येणार होते. गावाच्याही आधी ते नदीच्या वळणावरच्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात शिरणार होते. एल्झादाची नऊ वर्षांची मुलगी आयझिरेक त्या शिबिरात होती.

दुसराही अर्थ निघत होता. कॉम्प्युटर खोटं बोलला असेल. दोन आठवड्यांपूर्वी तो खोटं बोलला होता.

तेव्हाही असाच आकडा आला आणि यंत्र बंद पडलं, फक्त बंद पडण्याआधी त्याने आपणहून भोंगा वाजवला. गावात जुमाकादीरच्या नातवाच्या सुंतेची मेजवानी चालू होती. सगळी पंगत ताटं टाकून पिराच्या मजारच्या टेकडीकडे पळाली. पळताना एका म्हातारीचा पाय मोडला आणि मागे राहिलेलं मटण कुत्र्यांनी खाल्लं. संध्याकाळी यंत्र पुन्हा सुरू झालं, तर तळं होतं तिथेच, होतं तेवढंच. जुमाकादीरने चौकीवर निरोप पाठवला: पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा मटण तुमच्याकडचं. गावच्या वडीलधाऱ्यांनी भोंगा काढूनच टाका म्हणून जिल्ह्याला कळवलं. चौकीचा प्रमुख सोवेतबेक याने कॉम्प्युटरपासून भोंग्याकडे जाणारी तार सोडवली. त्यानंतर भोंगा फक्त किल्लीने वाजू शकत होता, आणि किल्ली सोवेतबेकच्या खिशात असायची.

सोवेतबेक त्या वेळी मागच्या खोलीत जेवत होता. त्याच्यासमोर कराकोल शहरातून आलेला दुरुस्तीवाला गेना बसला होता. यंत्राची नीट परीक्षा घ्यायला म्हणूनच त्याला बोलावलं होतं, पण चौकीचा स्वयंपाक करणाऱ्या बुरुलचा एजेने, म्हणजे बुरुलचाताईने, आधी लाघमानच्या शेवया संपव, मग काय ते कर, असं बजावून त्याला बसवलं होतं.

"आके," एल्झादा दारातून सोवेतबेकला, थोरल्या भावाला हाक मारावी तसं, म्हणाली. "नऊ सात. आणि बंद पडला."

सोवेतबेकचा हात ताटलीवरच थांबला. "आधी किती होता?"

"अकरा बत्तीस."

"मागच्या वेळी किती दाखवला होता?"

"आठ नव्वद."

"म्हणजे तसंच आहे."

"तसंच असेल. नसेलही."

गेना तोंड पुसत उठला. त्याने यंत्राचं झाकण काढलं आणि नाक आत घातलं. "हे काय? यात बकरं शिजवलंत का?"

आतून अर्चाच्या धुराचा वास येत होता. अर्चा म्हणजे डोंगरातलं ते सुगंधी काटेरी झाड, ज्याच्या फांदीची धुरी दिल्याशिवाय इकडे नवं मूल घरात येत नाही की आजारी माणूस अंथरुणातून उठत नाही. पंख्याच्या पात्यांवर तपकिरी चिकट थर होता. मेमरीच्या पट्ट्यांवरही तोच. हवा आत जायच्या जाळीवर कुणीतरी वाळक्या अदिराश्मानची जुडी, दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात तशी, दोऱ्याने घट्ट बांधली होती.

"एजे," गेना म्हणाला, "याला सर्दी झाली नव्हती."

"दृष्ट झाली होती," बुरुलचा म्हणाली. ती हातातला टॉवेल पिळत होती. "सगळ्या गावाने शिव्याशाप दिले त्याला. माणूस असतं तर आडवं झालं असतं. मी दर गुरुवारी धुरी देत होते, म्हणून तर टिकलं."

"झाकण लावलेलं असताना आत एवढा धूर कसा गेला?"

बुरुलचाने सोवेतबेककडे पाहिलं. सोवेतबेक भिंतीकडे पाहत होता.

"झाकण आकेने धरलं होतं," ती म्हणाली. "आत नीट पोचावी म्हणून."

"आणि तू?" गेनाने एल्झादाला विचारलं.

"मी धुरीचा 'आलास, आलास' मंत्र म्हणत होते." ती सरळ म्हणाली. "गेना, हे नंतर. आधी चालू कर."

गेनाने मेमरीच्या पट्ट्या काढल्या, बॅगेतून शाळेत मिळतं तसं खोडरबर काढलं आणि पट्ट्यांची पिवळी टोकं घासली. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. पंखा पुसला, जुडी कापून टेबलावर ठेवली. त्याचे हात भराभर चालत होते, आणि बाकीचे तिघे त्या हातांकडेच बघत होते, कारण खिडकीबाहेर बघायची कुणाची इच्छा नव्हती. बाहेर खोऱ्याच्या वरच्या टोकाला ढग बसले होते. तळ्याच्या बाजूचं काही दिसत नव्हतं. तिथे माणूस नाही, फोनही लागत नाही, आणि घोड्यावरून जायचं तर अंधार पडतो.

यंत्र सुरू झालं. तळ्याच्या खिडकीत एकच ओळ आली: संदेशाची वाट पाहत आहे.

दहा मिनिटं गेली, ओळ बदलली नाही. तळ्यावरचं उपकरण सूर्यावर चालतं. ढग असले की ते कधीकधी तासतास गप्प बसतं. ते वाहून गेलं तरी गप्पच बसणार होतं.

"मागच्या वेळी चालू केल्याबरोबर आकडा आला होता," एल्झादा म्हणाली.

"मागच्या वेळी ऊन होतं," सोवेतबेक म्हणाला. पण त्याने खिसा चाचपला.

"आके, भोंगा."

"थांब."

"किती थांबू?"

"मला एक सांग. हे बोलतेय ती ऑपरेटर की आयझिरेकची आई?"

"दोघींचं म्हणणं एकच आहे."

"माझी सूनही खालीच आहे, तिची जुळी पाळण्यात आहेत." सोवेतबेकचा आवाज खाली आला. "मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पण ऑगस्ट अजून यायचाय. खरं वितळणं ऑगस्टमध्ये. आज वाजवलं आणि पुन्हा खोटं निघालं, तर तेव्हा कोणी उशीवरून डोकं उचलणार नाही. भोंगा तरी ठेवतील का? मला काहीतरी हाताला लागू दे. गेना, हे यंत्र खोटं बोलतं की नाही, एवढं मला सांग. त्यासाठीच आलायस ना?"

गेनाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "यात तीन प्रोग्राम आहेत," तो म्हणाला. "पहिला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांना एकदम घाण्याला जुंपतो. यंत्र तापतं, वीज ओढतं. पंखा मरतुकडा असेल, वीजपुरवठा कच्चा असेल, तर अर्ध्या तासात लोळतं. कधी परत उठतं, कधी नाही."

"दुसरं यंत्र आहे का आपल्याकडे?" एल्झादाने सोवेतबेकला विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. तळ्याचे संदेश घेणारं कार्ड त्याच पेटीत बसवलेलं होतं आणि गेनाच्या लॅपटॉपला ते लागत नव्हतं.

"दुसरा," गेना पुढे म्हणाला, "मेमरीचं एकेक घर उघडतो. आत काहीतरी लिहितो, परत वाचतो, लिहिलं तेच वाचलं का बघतो. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. पण तो चालू असताना यंत्रात दुसरं काही चालत नाही. विंडोज नाही, तुमचं तळं नाही. आणि वेळ खातो, संध्याकाळ होईल. तिसराही तेच करतो, पण विंडोजच्या आत राहून. रिकामी असेल तेवढीच मेमरी तपासतो. तळं ऐकू येत राहील. जी घरं वापरात आहेत ती मात्र तशीच राहतात."

"यातला चांगला कोणता?"

"आके, हे खरबूज नाही. माझ्याकडे लोक येतात, सगळ्यात भारी टेस्ट लाव म्हणतात. मी विचारतो, भीती कशाची आहे? यंत्र पडेल याची, की यंत्र खोटं बोलेल याची? पडणाऱ्याची टेस्ट वेगळी, खोटारड्याची वेगळी."

"खोटं बोलेल याची," सोवेतबेक म्हणाला.

एल्झादाने मान हलवली. "मला भीती आहे ते खरं बोललं असेल याची."

बुरुलचाने टॉवेल खांद्यावर टाकला आणि पुन्हा काढला.

"मग दुसरा लाव," सोवेतबेक म्हणाला. "पूर्ण तपास."

"आणि मधे तळ्याने हाक मारली तर?" एल्झादा म्हणाली. "संध्याकाळपर्यंत आपण कानात कापूस घालून बसायचं? पहिला लावून ही पेटी मेली तर कापूसही नको. तिसरा लाव, गेना. अर्धा का होईना, बघू."

सोवेतबेकने गेनाकडे पाहिलं. गेनाने खांदे उडवले. "मी असतो तरी तिसराच. भित्र्या माणसाची टेस्ट आहे, पण आज आपण सगळे तेच आहोत."

तिसरा प्रोग्राम सुरू झाला. पडद्याच्या एका अर्ध्यात तळ्याची तीच ओळ होती, दुसऱ्या अर्ध्यात टक्के चढत होते आणि त्याच्याखाली लिहिलेलं होतं, चुका: शून्य.

आता चौघेही चूक निघण्याची वाट पाहत होते. एक चूक निघाली असती, एका घरात एक लिहून दोन वाचलं गेलं असतं, तर नऊ सात हा आकडाही तसाच बिघडला असेल असं म्हणता आलं असतं. मग एल्झादाला खुर्चीवर नीट बसता आलं असतं आणि सोवेतबेकने किल्ली खिशातच ठेवली असती. टक्के वीस झाले, पस्तीस झाले. चुका शून्य. गेनाच्या दुकानात या आकड्यावर गिऱ्हाइकं हात मिळवून हसत हसत जातात. इथे तो प्रत्येक टक्क्याला बुरुलचाचा चेहरा आणखी उतरवत होता. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, ती एल्झादाकडे बघून ओळखत होती.

"चांगलं चाललंय ना, पोरा?" तिने शेवटी विचारलं.

"उत्तम चाललंय, एजे," गेना म्हणाला. "तेच वाईट आहे."

"खोटं बोलत नाही म्हणजे मग..." सोवेतबेकने वाक्य सोडून दिलं.

एल्झादा टेबलावरच्या खोडरबरकडे बघत होती. त्याच्या कडेला तपकिरी डाग होते. तिने ते उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं.

"गेना," ती म्हणाली. "हे पुसायच्या आधी टेस्ट लावली असती तर?"

गेनाने आधी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"तर कळलं असतं," तो म्हणाला. "बहुतेक."

"आणि आता?"

"आता ही मेमरी बरी आहे की नाही ते कळेल. आत्ताची. धुरीचा थर बसलेली मेमरी एक चाळीसला काय करत होती, ते आता कुणालाच कळणार नाही." त्याने खोडरबर मुठीत धरलं. "दुकानात कुणीही काहीही आणलं की आधी पुसायचं, मग बघायचं. निम्मी यंत्रं पुसूनच बरी होतात. हातांना सवय आहे. जेवता जेवता उठलो, डोकं तिकडेच राहिलं."

सोवेतबेक खाली बसला. "म्हणजे ही टेस्ट..."

"शंभर टक्के होऊन शून्य चुका आल्या तरी नऊ सात खरा असं होत नाही. खोटा असंही होत नाही. दुसरी लावा, पहिली लावा, तिन्ही लावा. तेच."

"तू तज्ज्ञ आहेस म्हणून तुला कराकोलहून आणलं."

"आके, झाकण कोणी धरलं होतं?"

बुरुलचा पुढे आली, टेबलावरची अदिराश्मानची जुडी उचलली आणि एप्रनच्या खिशात घातली. कुणी तिच्याकडे पाहू नये असं तिला वाटत होतं, आणि कुणी पाहिलंही नाही.

एल्झादाने फोन उचलला. शिबिराची प्रमुख साल्किन एजे लगेच बोलली; मागे मुलांचा गलका आणि पाण्याचा आवाज येत होता.

"एल्झादा, आता पुन्हा नको हं," साल्किन म्हणाली. "मागच्या वेळी तू 'नक्की' म्हणालीस. मी मुलांना अनवाणी पळवलं. आईबापांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लं."

"आज नक्की नाही म्हणत."

"मग काय म्हणतेस?"

"माहीत नाही म्हणते. तळ्याचा वाईट आकडा आला. खरा आहे की नाही ते आम्ही तपासत होतो, आणि ते तपासता येईल असं काही आम्ही शिल्लक ठेवलं नाही. एजे, आज मला खरंच माहीत नाही."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"घसा कोरडा पडलाय."

"आयझिरेक नदीच्या काठाला आहे," साल्किन म्हणाली. "सगळीच आहेत. घोट्याएवढ्या पाण्यात खेळतायत." मग तिने फोन बाजूला धरला आणि एल्झादाला तिचा शिबिरातला आवाज ऐकू आला: चपला घाला, रांग लावा, आज चहा मजारवर. मागून कुणीतरी विचारलं, पाव घ्यायचे का. साल्किन म्हणाली, पाव राहू देत.

एल्झादाने फोन ठेवला नाही, कानाला तसाच धरून ठेवला. तो आपोआप कटला, तरी ती तशीच उभी होती.

सोवेतबेक उठला. त्याने किल्ली काढली आणि भिंतीवरच्या पेटीशी गेला. किल्ली भोकात बसेना, आजूबाजूच्या पत्र्यावर वाजत राहिली. गेना मदतीला पुढे झाला.

"राहू दे," सोवेतबेक म्हणाला. "उद्या विचारतील कोणी वाजवला. माझंच नाव असू दे."

"आणि ऑगस्ट?" एल्झादाने विचारलं. ती आता टोमणा मारत नव्हती.

"ऑगस्टला त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाहीये. आज सुचतंय तेवढं करतो."

भोंगा वाजला. चौकीच्या खिडक्या थरथरल्या. गेना पडद्यासमोर बसून राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळत नव्हतं आणि तळ्याने हाक मारली तर ती ऐकायला कुणीतरी हवं होतं. बुरुलचा बाहेर पायरीवर गेली आणि तिथून गावाकडे बघत तिला दिसेल ते आत सांगत राहिली. घरांतून माणसं बाहेर येत होती. पळत कुणी नव्हतं. सोवेतबेकची सून दोन मुलं दोन काखेत घेऊन निघाली होती. तिच्यामागे आणखी पाच-सात जण निघाले. एक जण सायकल हातात धरून चालला होता. भट्टीपाशी एक बाई भाकऱ्या काढून झाल्याशिवाय हलत नव्हती. जुमाकादीर आपल्या फाटकात कमरेवर हात ठेवून चौकीकडे बघत उभा होता.

"हलतोय का?" सोवेतबेकने आतून विचारलं.

"नाही," बुरुलचा म्हणाली. मग थोड्या वेळाने: "बसला."

एल्झादा दुर्बीण घेऊन तिच्याशेजारी आली. मजारच्या टेकडीच्या उतारावर मुलांची रांग दिसत होती. रांगेचं डोकं वर पोचलं होतं, शेपूट अजून सफरचंदांच्या बागेत होती. आयझिरेकची पिवळी टोपी तिने दोनदा शोधली. पिवळ्या टोप्या तीन होत्या.

दुपारी तीनच्या सुमाराला प्रोग्रामची फेरी पूर्ण झाली. चुका: शून्य. शेजारच्या खिडकीत तळ्याची ओळ तीच होती, संदेशाची वाट पाहत आहे. वरचे ढग हलले नव्हते. शिबिरातली सगळी मुलं टेकडीवर पोचल्याचं साल्किनने फोनवर कळवलं. गावातली निम्म्याहून जास्त माणसं घरीच होती. गावच्या पुलाखालचं पाणी गढूळ झालं असल्याची बातमी त्याच वेळी आली. जुलैत दुपारनंतर बर्फ वितळून ते रोजच गढूळ होतं.